रोपवाटिकेतली रात्रपाळी

रोपवाटिकेचा धंदा दिवसाउजेडी चालतो, पण त्यातलं नुकसान बहुतेक रात्री होतं. आदल्या संध्याकाळी तजेलदार असलेल्या झेंडूच्या ट्रेमध्ये सकाळी नुसत्या काड्या उभ्या दिसाव्यात, हे आमच्यातल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. पानाखाली अळी नाही, मावा नाही, तुडतुडा नाही. ट्रेच्या काठावरून, पिशवीवरून, शेडनेटच्या खांबावरून गेलेली एक वाळकी, चकचकीत रेघ तेवढी दिसते. ती दिसली की पुढच्या काही रात्री बॅटरी आणि बादली घेऊन फिरायचं, हे ठरलेलं. या फेऱ्यांतच माझी काजव्यांशी खरी ओळख झाली. त्याआधी मी फक्त उडणारे काजवे पाहिले होते.

परभणीहून वसमतकडं जाणाऱ्या रस्त्याला, शहराची वस्ती विरळ होते तिथून पुढं आमची रोपवाटिका आहे. सासऱ्यांची विहिरीकाठची जमीन. सुरुवातीला मोगरा, जास्वंद, सदाफुली एवढंच करत होते. मग कागदी लिंबू, सीताफळ, शेवगा आला, केशर आंब्याची कलमं आली, पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षलागवडीसाठी कडुनिंब, करंज, चिंचेची मागणी येऊ लागली. वीसेक वर्षं झाली असतील. उधारी नाकारायला शिकणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. त्याच्या खालोखाल अवघड म्हणजे कीड दिसली की लगेच फवारणीच्या पंपाकडं न धावणं.

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडची काळी जमीन अशी भेगाळते की हात कोपरापर्यंत आत जावा. बांध वाळतात, ओढे वाळतात, पारा पंचेचाळिशीच्या आसपास घुटमळत राहतो. अशा दिवसांत दोन वेळा पाणी मिळणारी, वर हिरवी जाळी असलेली, मातीत ओल धरून ठेवणारी जागा आसपासच्या सगळ्या जिवांना सापडते. बेडूक येतात, सरडे येतात, धामण येते. गोगलगायी येतात, त्या मात्र परत जात नाहीत. म्हणजे आम्ही रोपांसाठी जो गारवा करतो, त्याच गारव्यात रोपांचा शत्रू पोसला जातो. हे टाळता येत नाही. पाणी तोडलं तर शत्रूआधी रोप मरेल.

आमच्या कुंड्यांमध्ये सापडणारी ती मोठी, तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय मूळची इथली नव्हेच. ती पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १८४७ मध्ये मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यातल्या एका बागेत सोडल्या आणि तिथून ती देशभर पसरली. चालण्याचा वेग तर बघण्यासारखा आहे तिचा, मग एवढी पसरली कशी? आमच्या धंद्यातल्या लोकांना याचं उत्तर चांगलं ठाऊक असतं, फक्त ते गिऱ्हाइकासमोर कुणी बोलत नाही. ती आमच्यासोबत प्रवास करते. बाहेरगावाहून रोपांचा ट्रक येतो तो बहुधा रात्री. पिशव्या उतरवताना त्यांच्या बुडाशी, मातीच्या गोळ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढी फिकट पिवळट अंडी असतात, ती बॅटरीच्या उजेडात कोण बघत बसणार? एकेक गोगलगाय नरही असते आणि मादीही, एका वेळी शंभरावर अंडी घालते. उन्हाळा असह्य झाला की शंखाचं तोंड पातळ पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून महिनोन्‌महिने पडून राहते. पहिला पाऊस झाला की उठते. त्याच वेळी आपली पेरणीही झालेली असते.

म्हणून आमच्याकडं आलेला प्रत्येक माल आधी फरशीवर, इतर रोपांपासून लांब ठेवला जातो. पिशव्या आडव्या करून बूड तपासायचं. हे काम बायका करतात आणि त्यांच्याइतकं बारीक कुणी करत नाही. पुरुषमंडळी वरची पानं बघून "माल चांगलाय" म्हणतात.

पिशव्या भरायला येणाऱ्या मावश्यांपैकी एकीनंच मला ती अळी दाखवली. पावसाळ्याचे दिवस होते, उजाडायच्या आत कामाला आल्या होत्या सगळ्या. भिजलेलं पोतं उचललं आणि ती ओरडली, "ताई, हिकडं या. ह्येच्या बुडाला लाईट लागल्यावानी दिसायलंय!" मी गेले. बोटाच्या पेराहून थोडी लांब, चपटी, काळपट तपकिरी अळी. अंगावर एकापुढं एक बसवलेल्या ढालींसारख्या पट्ट्या. डोकं दिसेचना. पाठीमागच्या टोकाला दोन हिरवट ठिपके होते, ते पेटायचे आणि हळूहळू विझायचे. मावशी म्हणाली, "चेंगरू का?" मी नको म्हटलं. तेही दयेनं नाही, मला ती नेमकी काय आहे ते कळत नव्हतं म्हणून. अनोळखी किडा आधी डबीत घालायचा, मग काय ते ठरवायचं, ही सवय मला तोवर लागली होती.

आमच्या गावात एक गोष्ट चांगली आहे. किडा डबीत घालून विचारायला जावं असं ठिकाण आहे. मराठवाड्याचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे. पुढं त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आमच्याकडची माणसं छाती काढून म्हणतात, ते कशाच्या जोरावर म्हणतात ठाऊक नाही. पण शेताबद्दल बोलायचं असेल तर विद्यापीठाच्या जोरावर म्हणायला हरकत नाही. जूनमध्ये तिथं बायोमिक्स हे जैविक मिश्रण घ्यायला हळदवाल्यांची गर्दी उसळते. तिथल्या कीटकशास्त्राच्या एका प्राध्यापकांपुढं मी डबी ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, एकदा पाहिलं आणि अळीबद्दल काही न सांगता मलाच विचारलं, "गोगलगायी फार झाल्यात का तुमच्याकडं?"

ती काजव्याची अळी होती आणि तिचं अन्न म्हणजे गोगलगाय.

मला आजही त्या प्रश्नाचं कौतुक वाटतं. किड्यावरून त्यांनी आमच्या जागेचं निदान केलं होतं. ओल किती, सावली किती, गोगलगायी किती, जमिनीत विष किती कमी, हे सगळं त्या एका अळीवरून कळत होतं. पुढं मी मित्रकिडींच्या प्रशिक्षणाला बसले. ढालकिडे मावा खातात, क्रायसोपाच्या अळ्या पांढरी माशी खातात, ट्रायकोग्रामा किडींच्या अंड्यातच आपली अंडी घालतो. ट्रायकोग्रामाचं कार्डच मिळतं. एका कार्डावर वीस हजारांच्या आसपास अंडी; कातरून पट्ट्या करायच्या आणि पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. काजव्याचं असं कार्ड मिळत नाही. वर्गात त्याचा उल्लेखही ओझरताच झाला. वाढवायला वेळखाऊ, खाणं जिवंत गोगलगाय, प्रयोगशाळेला परवडणार कसा?

मग मी रात्री बघायला लागले. बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद बांधला की अळ्या फारशा बिचकत नाहीत. पहिल्या रात्री काही दिसलं नाही, डास तेवढे चावले. नंतर मात्र जे दिसलं त्यानं मी उकिडवी बसून राहिले. केळीच्या बुंध्याशी एक लहान गोगलगाय गेलेली होती, तिची चिकट वाट ओली होती. त्या वाटेवरून अळी चालली होती. मध्येच वाट सोडायची, डोकं इकडंतिकडं हलवायची, पुन्हा वाटेवर यायची. गोगलगाय गाठल्यावर ती शंखावर चढली आणि बसून राहिली. गोगलगाय तिला घेऊनच चालत होती. मग अळीचं ते न दिसणारं डोकं ढालीखालून बाहेर आलं, लांब झालं, आणि तिनं गोगलगायीच्या मऊ अंगाला चावा घेतला. एकदा, थोड्या वेळानं पुन्हा. गोगलगाय आत ओढली गेली, फेस आला. अळीचे जबडे विळ्यासारखे वाकडे असतात आणि आतून पोकळ. त्यातून विष आत सोडलं जातं. गोगलगाय बधिर होते, तिचं मांस पातळ होतं आणि अळी ते शोषत जाते. पहाटे मी परत पाहिलं तेव्हा अळी शंखात अर्धी शिरलेली होती. बाहेर आल्यावर तिनं शेपटाकडचा झुपका पुढं वळवून तोंड, पाय, मान सगळं पुसून काढलं. त्या चिकट फेसात हे अवजार नसतं तर तीच अडकून पडली असती. हात धुतल्यासारखं ते पुसणं बघून मावशी मला म्हणाली, "लईच सवासीण दिसती ही."

काजवा म्हटलं की आपल्याला मृग लागल्यावर झाडावर लुकलुकणारा किडा आठवतो. तो काजव्याच्या आयुष्याचा शेवटचा, अगदी थोडा भाग असतो, दोन-तीन आठवड्यांचा. बऱ्याच जातींत तो मोठा किडा काही खातही नाही. जोडीदार शोधणं, अंडी घालणं आणि मरणं एवढंच काम. बाकीचं सारं आयुष्य अळीचं, जातीप्रमाणं काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत. ते जातं ओल्या पालापाचोळ्यात, दगडाखाली, मातीच्या वरच्या थरात. बागेचं काम जे काही होतं ते याच काळात होतं. ज्याच्यावर कविता होतात तो बिनकामाचा आणि जी काम करते तिला बघून माणूस चप्पल काढतो. अळीही उजेड पाडते, अंडीदेखील मंद चमकतात. अळीचा उजेड जोडीदारासाठी नसतो. मी चवीला वाईट आहे, खाऊ नका, असं बेडकाला सांगण्यासाठी असतो असं म्हणतात. आमचे बेडूक तिला सोडून देतात हे मी पाहिलंय.

मला वाटलं होतं की आपल्याला नवाच शोध लागला. तसं काही नव्हतं. सिलोनच्या शेती खात्यातल्या लोकांनी काजव्याच्या एका मोठ्या जातीच्या अळ्या ही आफ्रिकन गोगलगाय मारतात याचा अभ्यास १९२४ मध्येच छापला होता. जपानमध्ये तर ओढ्याच्या पाण्यात राहणाऱ्या काजव्याच्या अळ्या पाण्यातल्या गोगलगायींवर वाढतात आणि तिथली गावं काजव्यांसाठी ओढे स्वच्छ ठेवतात.

आता खरं ते सांगते. काजव्यांमुळं आमच्या गोगलगायी संपल्या का? नाही. संपणारही नाहीत. एका अळीला एक बरीशी गोगलगाय कितीतरी वेळ पुरते, आणि तेवढ्यात दुसरीकडं शंभर अंडी पडलेली असतात. मोठी, मुठीएवढी गोगलगाय तर आमच्याकडच्या अळ्यांच्या आवाक्यातच नाही. त्या लहान, नुकत्या फुटलेल्या पिल्लांवर जास्त दिसतात. पण रोपवाटिकेत कोवळ्या रोपांचा फडशा पाडणारी हीच पिल्लं असतात, मोठ्या तर हातानं वेचता येतात. विहिरीकडच्या भागात पिल्लं कमी दिसतात हे मी ठामपणं सांगू शकते. ते एकट्या काजव्यांमुळं का, हे सांगू शकत नाही. तिथं बेडूकही जास्त आहेत, आणि दिवसा भारद्वाज येतो. लोक त्याचं दर्शन शुभ मानतात. मी त्याला शंख फोडून खाताना पाहिल्यापासून मलाही तो शुभच वाटतो.

वेचणं मात्र चुकत नाही. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती वाफ्यांच्या कडेनं टाकायची, पहाटे उलटायची. खाली जमलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ बादलीतच, जमिनीवर कधी नाही. आपली काळी जमीन आधीच खारवटायला टेकलेली असते. हातमोजे घातल्याशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही, कारण या गोगलगायींत उंदरांपासून आलेला एक जंत असतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. नवीन आलेल्या पोरी हसतात, मोजे काढून टाकतात. त्यांना मी वेचायला लावत नाही, हिशेबाच्या वहीवर बसवते. ती शिक्षा त्यांना जास्त जड जाते.

२०२२ च्या पावसाळ्यात हा विषय आमच्या फाटकाबाहेर गेला. लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी उगवलेलं सोयाबीन रातोरात कापून नेलं. काही शेतकऱ्यांना दुबार पेरावं लागलं, सरकारला मदत जाहीर करावी लागली. गंगाखेड, सोनपेठकडच्या ओळखीच्या लोकांचे मला फोन येऊ लागले. एकानं विचारलं, "ताई, तुमच्याकडं त्या काजव्याच्या अळ्या हायेत म्हनं, पाच-पन्नास द्या की, शेतात सोडतो." त्याला काय सांगणार? एकरांनी सोयाबीन खाल्लं जात असताना काजव्यांची गोष्ट सांगणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर कुठं खणावी याचा सल्ला देणं. मी त्याला बांधाला चुन्याचा पट्टा ओढायला सांगितलं, पोत्यांची युक्ती सांगितली, आणि विद्यापीठ सांगत होतं तेच सांगितलं की एकरी दोन किलो मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बांधाच्या कडेनं टाका आणि जनावरं, कोंबड्या तिकडं जाऊ देऊ नका.

हे शेवटचं वाक्य लोक ऐकतच नाहीत. शेजारच्या आखाड्यावरच्या कुत्र्यानं त्याच गोळ्या खाल्ल्या. त्याचं थरथरणं, झटके, तोंडाला आलेला फेस मी पाहिला आहे. डॉक्टर येईपर्यंत तो राहिला नाही. ब्रिटननं २०२२ मध्येच या गोळ्या उघड्यावर वापरणं बंद केलं. माझ्या रोपवाटिकेत त्या नाहीत. मोठ्या शेतातल्या माणसाला मी त्या टाकू नको असं सांगत नाही. माझ्याकडं वेचायला माणसं आहेत, जागा लहान आहे, त्याच्याकडं दोन्ही नाही. ज्याचं पीक डोळ्यांदेखत जातंय त्याला निसर्गाच्या गोष्टी सांगणारे लोक मला आवडत नाहीत.

पण एक गोष्ट मी सांगते. जमिनीत जे विष मुरतं ते आधी कुणाला लागतं? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सोयाबीनवर केलेल्या आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात याचं उत्तर आहे. थायामेथोक्झामची बीजप्रक्रिया केलेली रोपं बिनशंखाच्या गोगलगायींनी खाल्ली. त्यांना काही झालं नाही, कारण हे विष कीटकांचं आणि गोगलगाय कीटक नाही. पण त्या गोगलगायी ज्या भुंगेऱ्यांनी खाल्ल्या, त्यातले निम्म्याहून जास्त लुळे पडले किंवा मेले. खाणारा गेला, गोगलगायी वाढल्या आणि उतारा पाच टक्क्यांनी घटला. तिथले ते भुंगेरे काजवे नव्हते, पण काजवाही भुंगेराच आहे आणि त्याची अळीही तेच खाते. खोडमाशीसाठी ही बीजप्रक्रिया आपल्याकडंही होते आणि खोडमाशी काही खोटी नाही. मी एवढंच करते की रोपवाटिकेच्या मातीत आळवणीचं कीटकनाशक घालत नाही. वर पानावर गरज पडली तर निंबोळी अर्क, फारच झालं तर तेवढ्या झाडापुरता फवारा, तोही सूर्य मावळायच्या बराच आधी.

विहिरीच्या अंगाला एक पट्टा आहे, तिथं झाडू चालत नाही. जांभळाची, रामफळाची, केळीची पानं पडतात तिथंच राहतात. फुटक्या कुंड्या, विटा, कुजका ओंडका तसाच. उन्हाळ्यात ठिबकची एक नळी त्या पाल्यावरूनच नेलीय, कारण पाला वाळला की अळ्या गेल्या. एवढाच त्याचा खर्च. पण या पट्ट्यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नसतील. गिऱ्हाईक आलं की आधी तोच उकिरडा दिसतो, असं घरच्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. एकदा मी माहेरी गेले असताना हौसेनं सगळा पाला गोळा करून पेटवून देण्यात आला. त्या पावसाळ्यात तिकडं एक अळी दिसली नाही, पुढच्याही नाही. आता तिथं जास्वंदीचं आडोशाचं कुंपण केलंय. रस्त्यावरून फुलं दिसतात, आतला पाला दिसत नाही, आणि घरात शांतता आहे.

गांडूळखतवाले एक गृहस्थ मात्र माझ्यावर रागावलेले आहेत. काजव्याच्या काही जातींच्या अळ्या गांडुळंही खातात. त्यांच्या बेडवर अळ्या सापडल्या आणि कुणीतरी सांगितलं की याची आवड त्या रोपवाटिकावाल्या बाईंना आहे. मी जाऊन पाहिलं, अळ्या खरंच होत्या, मोजक्याच. बेडच्या विटा सांधून घ्या, वर बारीक जाळी टाका, म्हटलं. मित्रकीड ही काही आपली नोकर नव्हे, तिला आपलं गांडूळ आणि दुसऱ्याची गोगलगाय असला फरक कळत नाही. त्यांना हे पटलं नाही.

एकदा एक प्लॉटिंगवाले आले. शहराबाहेर त्यांनी बंगल्यांचा लेआउट पाडला होता, तिथं क्लबहाऊसच्या बागेत "भंडारदऱ्यासारखे" काजवे हवे होते. पैसे विचारा तेवढे, म्हणाले. मी भंडारदऱ्याला एकदा गेले आहे. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला तिथं, राजमाचीला, पुरुषवाडीला झाडंच्या झाडं एका तालावर उजळतात, ते डोळ्यांत मावत नाही हे खरं. पण गाड्यांची रांग, हेडलाइट, मोबाइलचे उजेड आणि अंधारात झाडाखाली तुडवत फिरणारे पाय पाहून मला काही सुचेना. काजव्यांच्या काही जातींची मादी बिनपंखांची, अळीसारखीच, गवतात बसून दिवा दाखवणारी असते. ती कुणाच्या बुटाखाली जाते ते कळतही नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखात्यानं आता बंधनं घातली आहेत, ते बरं केलं.

प्लॉटिंगवाल्यांना मी सांगितलं की तिकडचे पकडून इकडं सोडलेले चार दिवसांत मरतील, आणि न मरता टिकले तर त्याची भीती जास्त. हवाई बेटांवर ही आफ्रिकन गोगलगाय मारायला १९५५ मध्ये दुसरी एक शिकारी गोगलगाय बाहेरून आणून सोडली. तिनं आफ्रिकन गोगलगाय राहू दिली आणि तिथल्याच मूळच्या, कुणाचं काही न खाणाऱ्या लहान गोगलगायी संपवत आणल्या. तुमच्या लेआउटमध्ये ओढा आहे, त्याच्या कडेचं गवत राहू द्या, तिकडं दिवे लावू नका, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, इथलेच काजवे येतील. ते म्हणाले, दोन-तीन पावसाळ्यांत तर सगळे प्लॉट विकून होतील. त्यांनी माझ्याकडून बॉटल पाम नेले.

दिव्याचा प्रश्न आमच्याही घरात आहेच. रोपं चोरीला जातात. महागाची कलमं रात्रीतून उचलली जातात, तेव्हा मुलानं चारी कोपऱ्यांवर एलईडीचे पांढरे फ्लड लावले. काजव्याचा नर मादीचा उजेड शोधत उडतो. दिव्यासमोर त्याला तो दिसणार कसा? शेवटी विहिरीकडचा दिवा माणूस जवळ आला तरच लागणारा बसवला. चोर आला की लागतो. मांजर आलं तरी लागतो, आणि मी रात्री बघायला गेले की हमखास लागतो.

परभणीतल्या एका निवृत्त शिक्षिका आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्याही एकदा बरणी घेऊन आल्या होत्या: "गुलाबाची पानं खाणारा हा नवा किडा, औषध द्या." बरणीत काजव्याची अळी होती. पानं खाल्ली होती गोगलगायीनं. अळी तिथं गोगलगायीच्या मागावर गेली होती आणि तीच पकडली गेली. मी त्यांना औषध दिलं नाही, विकलं असतं तर दोनशे रुपये मिळाले असते. बरणी परत नेऊन त्याच गुलाबाखाली रिकामी करा म्हटलं. त्यांनी केली, आणि शिक्षिकाच त्या, वही घातली. कुठल्या तारखेला अळी दिसली, पाऊस किती, पानं किती खाल्ली. पाला जाळणं बंद केलं, गॅलरीतला दिवा नऊ वाजता बंद करायला लागल्या. एका मृगात त्यांच्याकडं काजवे उडाले तेव्हा फोनवर त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

गेल्या पावसाळ्याच्या आधी त्यांच्या गल्लीत विजेच्या खांबावर नवा दिवा बसला, नेमका त्यांच्या कुंपणासमोर. गुलाबाच्या वाफ्यावर रात्रभर लख्ख उजेड. अर्ज दिला, उत्तर आलं नाही. गल्लीतल्या बाकीच्यांना दिवा हवाच होता, आणि रात्री उशिरा क्लासवरून येणाऱ्या पोरी आहेत, त्यामुळं बाईंनाही तो नको म्हणवेना. मला विचारलं, आता काय करू? दिव्याला आडवं झाड, दुसरं काही सुचलं नाही. कुंपणाला लागून मेंदी लावा, दाट होऊ द्या, सहा फुटांपर्यंत वाढवा, वरून छाटायची घाई करू नका. तोवर वाफ्याच्या त्या बाजूला हिरव्या जाळीचा पडदा टांगा. आणि गुलाबाच्या मागं, भिंतीच्या सावलीत, पाल्याचा एक ढीग करून ठेवा.

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग मेंदीच्या रोपांचा भाव विचारला, शेजारच्या नर्सरीत दोन रुपयांनी स्वस्त आहे म्हणाल्या, आणि रिक्षाचं भाडं मी द्यावं या अटीवर माल ठरला.